हौसाक्काचं दुभत्याचं कपाट

हौसाक्काचं नाक आधी यायचं आणि मागून हौसाक्का. मी चुलीकडे तोंड करून बसलेली असले तरी दारात ती उभी आहे हे मला कळायचं, कारण पाठीमागे सूं-सूं असा हुंगण्याचा आवाज यायचा. मग निवाडा व्हायचा. "बाई, तुमचं दूद उतू गेलतं, आन तुमी ते वल्या फडक्यानं पुसलंया. त्ये फडकं आदी जाळा." दूध गेलेलं असायचं सकाळी, बाई यायची दुपारी. आणि फडकं तेच असायचं.

आयुष्यात मला माणसांचा राग पुष्कळ आला, कंटाळा तर ढीगभर आला. पण मनापासून किळस आली ती या एकाच बाईची, आणि ती सगळ्या कडेगावातली सगळ्यात स्वच्छ बाई होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या मास्तरांची, म्हणजे माझ्या यजमानांची, कडेगावच्या शाळेत बदली झाली. मी सांगलीत वाढलेली. तिथं माझ्याकडे कुणी नाक लावून पाहिलं नव्हतं. कडेगावात आम्हांला हौसाक्काच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. घर चांगलं खाऊनपिऊन सुखी, मराठ्याचं. विहिरीवर ऊस, दावणीला दोन म्हशी आणि एक गाय. एकुलता एक मुलगा भीमा पलटणीत. नवरा तात्या, मोठा भला माणूस, पण तो घरी क्वचितच दिसायचा. वस्ती मळ्यात करायचा. उसाला पाणी द्यावं लागतं, असं सांगायचा. मळ्यात राहायचं खरं कारण मला पहिल्याच महिन्यात कळलं.

हौसाक्का अंगानं काटक, रंगानं सावळी. गळ्यात ठसठशीत बोरमाळ, नाक सरळ आणि टोकाला जरा उचललेलं. हात मात्र पाहवत नसत. दिवसभर पाण्यात घालून ते पांढुरके पडलेले, बोटांना चिरा. पायांच्या बोटांत बारा महिने चिखल्या. चुलीजवळ जायचं तर अंघोळ करून, ओल्या लुगड्यानं. ते लुगडं अंगावरच वाळायचं, आणि पुरतं वाळायच्या आत काहीतरी विटाळ व्हायचा आणि पुन्हा पाणी. त्यामुळे ज्या बाईला जगाचा वास यायचा, तिच्या स्वतःच्या अंगाला कुबट ओलसर वास असायचा. तो तेवढा तिला आला नाही. मला मात्र अजून कुठं ओलं लुगडं कोंबून ठेवलेलं दिसलं की मी ते आधी उन्हात टाकते.

ती सरपणाची लाकडं धुवायची. हो, लाकडं. धुऊन वाळवायची आणि मग जाळायची. मीठ धुता येत नाही याचं तिला मनापासून दुःख होतं. वाण्याकडून मीठ आलं की ती त्याच्याकडे बराच वेळ नुसती बघत बसायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मळ डोळ्यानं बगायचा नसतो बाई, नाकानं बगायचा."

आमच्या मास्तरांना उकडलेलं अंडं आवडायचं. मी ते खिडकी लावून, ऊदबत्ती पेटवून उकडायची आणि टरफलं मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरायची. एकदा भर दुपारी बाहेर आले तर हौसाक्का त्या झाडाखाली उकिडवी बसून काटकीनं माती उकरत होती. टरफल सापडल्यावर तिनं ते काटकीच्या टोकावर धरून मला दाखवलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. नुसता पदर नाकाला आणि डोळे माझ्यावर. त्या नजरेपुढं मीच एखादं नासकं अंडं असल्यासारखं मला वाटलं. त्यानंतर तिनं माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मला त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही, पण अपमान झाला तो झालाच.

तोवर हे सगळं निदान माणसाच्या खोडीत जमा होतं. मग भीमाची बातमी थांबली.

आफ्रिकेतून त्याची ख्यालीखुशाली येत होती ती एकाएकी बंद पडली. मग कळलं की बेपत्ता आहे. जिवंत की मेलेला, कुणी सांगेना. हौसाक्का देवळात गेली आणि तुळशीची माळ घालून आली. तात्यासाठी अंगणातल्या वेगळ्या चुलीवर मटण शिजायचं तेही बंद, घरात कांदा-लसूण बंद. तिनं देवापुढं सांगितलं होतं, "माजं पोरगं जित्तं परत यू दे. मरंस्तवर माजी माळ आन माजी चूल निर्मळ ठेवीन." त्या दिवशी ती आमच्या दारात आली ती न हुंगता, नुसती उंबऱ्यावर टेकली आणि माझ्यासमोर रडली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या वेळी मला तिच्याबद्दल फार वाटलं, हे लिहिलंच पाहिजे.

निर्मळ चुलीसाठी निर्मळ दुभतं हवं. दूध, दही, लोणी, तूप ठेवायला आतापर्यंत शिंकी होती, भिंतीत एक फडताळ होतं. त्यात उंदीर फिरतात म्हणून ते बाद. तात्यानं मळ्यातला आंबा तोडला, फळ्या पाडल्या आणि म्हादू सुताराकडून जाळीच्या दाराचं छान कपाट करून घेतलं. ते घरात आलं, हौसाक्कानं त्याच्या सांध्यांना नाक लावलं आणि विचारलं, "ह्यो वास कसला?"

"सरस हाय, आक्का," म्हादू म्हणाला. "सांदं धरायला."

"सरस कशाचा करत्यात?"

म्हादू खरं बोलणारा. "जनावराची हाडं आन कातडी उकळून."

कपाट पुन्हा अंगणात आलं. म्हादूनं सगळे सांधे उकलले, सरस खरवडून काढला आणि लाकडी खुंट्या मारून ते नव्यानं उभं केलं. तो बिचारा मला म्हणाला, "मास्तरीणबाई, ह्या घरात पुन्यांदा काम घेतलं तर माजं नाव म्हादू न्हवं." पुन्हा घ्यावं लागलंच.

पण आंब्याचं लाकूड तसंच ठेवता येत नाही. तूप शोषून घेतं, दह्याचा पाझर पितं, मग आंबूस वास धरतं आणि भुंगा लागतो तो वेगळा. काहीतरी हात द्यायला हवा होता. गावात घरोघर लाकडाला डांबर नाही तर काहीच नाही. डांबराचं नाव काढताच हौसाक्कानं उलटी आल्यासारखं केलं. म्हणून तात्यानं मिरजेहून पॉलिशवाला आणला. त्यानं चपडा लाख स्पिरिटात विरघळवून, कापसाचा बोळा फिरवून फिरवून कपाटाला असं तेज आणलं की त्यात दिव्याची ज्योत दिसावी. हौसाक्का खूश. तिनं शेजारपाजारच्या बायका बोलावून लांबूनच कपाट दाखवलं. दुधाचं पातेलं आत गेलं. दोन दिवस घरात शांतता नांदली.

आमच्या मास्तरांना शिकवायची खोड. समोर कुणी नसलं तर ते भिंतीला शिकवतील. तात्याला ते ओटीवर बसून सांगू लागले की ही लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. पळसाच्या, बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, त्यांच्या अंगातून ती पाझरते, आणि ती गोळा करताना ते किडेही तिच्यातच चिरडतात. तात्या डोळे मिचकावून थांबवत होता, पण मास्तर कसले थांबतात. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"किड्याची घान! माज्या दुदाला किड्याची घान!"

दूध गटारात गेलं. कपाट अंगणात गेलं. उरलेल्या स्पिरिटानं आणि काथ्यानं घासून घासून लाख काढली. तिच्या गळ्यातल्या बोरमाळेचा एकेक सोन्याचा मणी आतून लाखेनंच भरलेला होता, हे मला माहीत होतं आणि गावच्या सोनाराला माहीत होतं.  माझ्या जिभेवर आलं होतं, पण मास्तरांनी माझ्याकडे हात जोडून पाहिलं.

मग आला हिरवा रंग. लढाईत रंग कालवायचं चांगलं जवसाचं तेल कुठं दिसत नव्हतं, आणि दुकानात डब्यात काय मिळेल ते रंग म्हणून विकलं जात होतं. तात्यानं कऱ्हाडच्या बाजारातून एक डबा आणला. म्हादूनं नाइलाजानं कपाट पोपटी हिरवं करून दिलं. रंगाला जरा वास होता. म्हादू म्हणाला, उन्हात जाईल. वास गेला नाही. उन्हानं तो तापून तापून पिकला, आणि एके दिवशी सकाळी हौसाक्कानं स्वयंपाकघराचं दार उघडलं तर कपाटाभोवती मांजरं. तिच्या घरात मांजर नव्हतं, ती पाळूच देत नसे. ही गावातली होती. काळी, पिवळी, एक शेपूटतुटकी. दूध-तुपाकडे एकही बघत नव्हतं. सगळी मिळून कपाटाच्या फळ्या चाटत होती.

मी हसत सुटले. मला हसू आवरलं नाही आणि आवरायची इच्छाही नव्हती. म्हादू आला, फळीवर बोट ओढून नाकाशी नेलं आणि खाली मान घालून म्हणाला, "आक्का, रंग माशाच्या तेलात कालवलाय बगा. कोकनातनं येतंय आसलं तेल."

माळकरी बाईच्या दुभत्याच्या कपाटाला मासे! हौसाक्का तिथंच ओकली. मग तिनं काय नाही केलं? चूल फोडली. नवी घातली. स्वयंपाकघराची जमीन वीतभर उकरून काढली आणि नवी माती घालून सारवली. मातीची सगळी मडकी फोडली. सोडाखारानं कपाट धुताना तिच्या हातांच्या चिरांतून रक्त येत होतं, आणि त्या हातांनी ती घासतच होती. आदल्या दिवशी मी हसले होते. ते रक्त पाहून मात्र मला शिसारी आली. रक्ताची नव्हे. रक्त येत असताना तिच्या तोंडावर जे समाधान होतं, त्याची.

त्यानंतर कपाट कोरंच राहिलं. तुपाचे डाग पडले, खालच्या फळीला भुंगा लागला, रोज पिठासारखा भुसा पडायचा. ती रोज तो झाडायची.

लढाई संपली आणि भीमा परत आला.

सगळा गाव वेशीपर्यंत गेला होता. उंच, वाळलेला, एक खांदा जरा उतरलेला, डोळे मात्र हसरे. हौसाक्कानं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तो आत पाऊल टाकणार तेवढ्यात तिनं हात आडवा धरला.

"थांब. आदी सांग. तिकडं काय खाल्लंस?"

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. भीमा खोटं बोलला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तोही तिचाच मुलगा, सरळ नाकाचा. तो म्हणाला, "आये, मी कैदेत हुतो. इटलीत न्हेलतं आमास्नी. तितनं पळालो. डोंगरात एका शेतकऱ्याच्या घरात म्हातारीनं मला लपिवलं, समदा हिवाळा. खांद्याला गोळी लागलेली, हात उचलत न्हवता. ती मला चमच्यानं भरवायची. तिच्याच ताटातलं. काय असंल त्ये. सशाचं असंल, डुकराचं असंल. इचारलं न्हाई मी. ती न्हवती तर मी न्हवतो, आये."

 हौसाक्काचा हात तसाच आडवा. ती मुलाकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. नुसत्या तोंडाकडे. आणि मला दिसलं, तिच्या नाकपुड्या हलत होत्या.

त्याचं अंथरूण सोप्यात पडलं. ताट-वाटी वेगळी. गोमूत्र शिंपडलं, पंचगव्य पाजलं. गाईचं मूत चालत होतं, मुलाचा हात चालत नव्हता. ती त्याला म्हणाली, "दसऱ्यापत्तुर भाईर ऱ्हा. दसऱ्याला तुला चुलीम्होरं बसवून वाढीन." आणि त्यानं ते मानलं. मला म्हणायचा, "मास्तरीणबाई, इतकी वर्सं थांबलो, आता थोडं. चुलीम्होरं बसून तिच्या हातची गरम भाकरी खायची, येवडंच डोस्क्यात हुतं माज्या, समदी वर्सं." ती भाकरी तव्यावरून काढायची आणि सोप्यात त्याच्या ताटात वरून टाकायची. ताटाला हात लागू नये म्हणून वरून. भाकरी ताटात आपटल्याचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू यायचा, आणि मी माझं ताट सरकवून उठायची.

बसून बसून कंटाळला तेव्हा त्यानं कपाटाचं मनावर घेतलं. ते अंगणात आणवलं, भुंग्याची फळी बदलून घेतली, दगडानं घासून गुळगुळीत केलं. "आता कुठला रंग?" मी विचारलं.

"रंग न्हाई. करडईचं तेल."

विहिरीतलं पाणी ओढणाऱ्या चामडी मोटेच्या नाड्यांना आणि सोंडेला कढवलेलं करडईचं तेल लावतात, त्यानं कातडं पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. आणि इटलीतली ती म्हातारी सणाच्या आधी जवसाचं तेल कपाटाला हातानं चोळायची, ते त्यानं अंथरुणावर पडून पाहिलं होतं. ही दुसरी गोष्ट त्यानं फक्त मला सांगितली. आईला एवढंच म्हणाला, "शेतातली करडई, मी सोता घान्यावरनं गाळून आनलीया. यात जनावर न्हाई, किडा न्हाई, मासा न्हाई. बग हुंगून."

तिनं हुंगलं. किती तरी वेळ हुंगलं. आणि होकाराची मान हलवली.

त्यानं अंगणात तीन दगडांवर तेल चढवलं. मंद जाळ. तेल फुगायचं, धुरायचं, तो उलथन्यावर थेंब घेऊन बोटांत तार धरून बघायचा. उतरवलं तेव्हा ते मधासारखं झालं होतं. मग तळहातावर घेऊन लाकडात चोळायचं, नुसतं माखायचं नाही, लाकूड तापेपर्यंत चोळायचं. एक हात दिला की उन्हात पुरतं वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दुसरा. घाई केली तर वर साय धरते आणि आत चिकट राहतं. त्याला घाई नव्हती. दसरा लांब होता. उतरलेला खांदा दुखायचा, मग तो डाव्या हातानं चोळायचा. हळूहळू ते आंब्याचं लाकूड खारकेच्या रंगाचं झालं. पाणी टाकलं तर थेंब ओघळून जायचा. वास शून्य. म्हादू येऊन बघून गेला, फळीवरनं हात फिरवत म्हणाला, "गड्या, दुकान काढ."

हौसाक्कासुद्धा हसली. तिनं तुपाची बरणी फळीवर ठेवून उचलली, डाग पडला नाही हे पाहिलं, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. इतक्या वर्षांत तिला न खटकलेली ही पहिली वस्तू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हादू आणि तात्यानं कपाट उचलून आत नेलं. भीमा बरोबर आला, चौकटीला लागू नये म्हणून "डावीकडं घ्या, डावीकडं" म्हणत उंबऱ्यापर्यंत आला, आणि तिथं थांबला. त्याच्या हातांनी घासलेलं, तापवलेलं, त्याच्या घामानं भिजलेलं कपाट आत गेलं. तो बाहेर. मला त्या वेळी हौसाक्काच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी फक्त शेजारी उभ्या मास्तरांना म्हणाले, चला घरी.

दसऱ्याला पहाटेच भीमानं अंघोळ केली. नवं धोतर नेसला. सोप्यात बसून राहिला. पुरणाचा वास येत होता. मी पाणी भरायला जाता-येता बघत होते. दुपार झाली, नैवेद्य झाला. हौसाक्का बाहेर आली आणि तिनं त्याचं ते वेगळं ताट सोप्यात मांडलं.

"आये, आज दसरा."

"व्हय रं. पर राती देव सपनात आला माज्या, अजून न्हाई म्हनला. दिवाळीपत्तुर थांब. मग नक्की."

तो उठला. तिच्या बाजूनं, तिला धक्का न लावता, आत गेला. उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात. मी हंडा खाली ठेवला आणि दारातून पाहिलं. त्यानं कपाट उघडलं, दह्याचं मडकं काढलं, टोपलीतली भाकरी घेतली आणि चुलीसमोर मांडी घालून जेवायला बसला. पुरणपोळीला त्यानं हात लावला नाही. भाकरी मोडून दह्यात बुडवायचा आणि खायचा. इतका सावकाश जेवणारा माणूस मी पाहिलेला नाही.

हौसाक्का दारात उभी होती. ती ओरडली नाही. त्याचं होईपर्यंत थांबली. तो हात धुवायला बाहेर गेल्यावर तिनं दूध, दही, लोणी, तूप, पुरण, सगळं उचलून उकिरड्यावर नेऊन ओतलं. सणाच्या दिवशी. मग म्हादूला बोलावणं पाठवलं, रंधा घेऊन ये, कपाट तासायचंय. म्हादूनं निरोप दिला, आज हत्यारं पुजल्यात, आज रंधा धरत न्हाई. आन उद्याबी ह्या कामाला यायचा न्हाई. तेव्हा तिनं विटेचा तुकडा घेतला आणि स्वतःच कपाट घासायला बसली.

करडईचं तेल लाकडात मुरलेलं. ते निघतंय कसलं? विटेनं लाकूडच खरवडलं जात होतं. ती घासत होती, पाणी ओतत होती, घासत होती. शेवटी मला राहवलं नाही.

"अहो आक्का, पोटचा मुलगा आहे तो. वाघ-लांडगा नाही."

तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे. "बाई, माळ मी त्याच्यासाटी घातलीया. देवानं त्याला जित्ता दिला, मी चूल निर्मळ ठेवीन म्हनलं म्हनून दिला. आता चूल बाटली. त्याला काय झालं तर? तुमी येनार हाय काय देवाला सांगायला?"

हे ऐकून मला दया यायला हवी होती. ज्यांना मी ही हकिगत सांगितली त्यांतल्या पुष्कळांना आली. मला आली नाही. मुलगा जगावा म्हणून नवस, आणि तो जगला तर त्याच्या तोंडाची शिसारी. असल्या नवसाला काय म्हणायचं? मला वाटतं तिला मुलापेक्षा नवसच जास्त आवडायला लागला होता. नवसाला वास येत नाही.

भीमा दारात येऊन उभा राहिला. तिच्या हातांकडे बघत होता. "आये, पुरं कर. हात फुटलं तुजं," म्हणाला. ती थांबली नाही. त्यानं सोप्यातली लोखंडी ट्रंक उचलली, मला आणि मास्तरांना नमस्कार केला आणि मळ्यात तात्याला भेटून सांगलीच्या वाटेला लागला.

पुढं आमचीही बदली झाली आणि आम्ही सांगलीजवळच्या माधवनगरला आलो. भीमा तिथं गिरणीत लागला होता, लग्न झालं होतं, एक मुलगी होती. आमच्या घरी त्याचं येणं-जाणं असे. आईचं नाव तो काढत नसे आणि मी तर मुळीच काढत नसे. एकदा सकाळीच तो आला. "आय आलीया. तिला मिरजेला डोळं दावायचं हायती. तात्या घिऊन आल्यात. तुमी जरा येता का?" त्याच्या आवाजात असं काही होतं की मी नको म्हटलं नाही.

खोली लहान, पण चांगली ठेवलेली. आत भिंतीशी खोक्याच्या फळ्यांचं कपाट, त्याला निळा रंग. हौसाक्का बाहेरच्या कट्ट्यावर तिनं घरून आणलेल्या घोंगडीवर बसली होती. फार वाळली होती. डोळ्यांवर पांढुरका सारा पडलेला, धड दिसत नव्हतं. जवळ तिचा तांब्या, तिची भाकरी फडक्यात बांधलेली. सून "आत या की" म्हणून म्हणून थकली होती. मी विचारपूस केली, तसा माझा आवाज ओळखून हौसाक्का नाक उचलून म्हणाली, "बाई, आत कपाट हाय नव्हं? कसला रंग दिलाय वं त्याला?"

"दुकानातला," भीमा आतून म्हणाला. 

तेवढ्यात मुलगी रांगत बाहेर आली. वर्षाची असेल नसेल. हातात दूध-भाकरीचा चघळलेला घास, हनुवटीवरून दूध ओघळतंय. ती थेट आजीच्या मांडीवर चढली. नव्या माणसाला भ्यायचं तिला ठाऊक नव्हतं. हौसाक्का ताठ झाली, पण तिनं पोरीला ढकललं नाही. पोरीनं तिच्या तोंडाला हात लावला, ओठ चाचपले आणि तो लाळेनं भिजलेला घास तिच्या तोंडात कोंबला.

भीमा दारात येऊन उभा होता.  हौसाक्कानं तोंड मिटलं. जबडा एकदा हलला. मग दुसऱ्यांदा. तिचा फुटक्या बोटांचा हात वर आला आणि पोरीच्या डोक्यावर टेकला. 

मग तिनं पोरीला उचलून अलगद खाली ठेवलं, तांब्या चाचपून घेतला आणि भिंत धरून धरून घरामागं गेली. थोड्या वेळानं तिकडून चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा. पुन्हा.

पोरगी घोंगडीवर बसली होती. तिनं भरवायला बाहेर येऊन बसलेल्या आईच्या हातातल्या वाटीतून आणखी एक घास उचलला, तो आधी स्वतः चोखला आणि हात लांब करून, आजी गेली होती त्या दिशेला धरून ठेवला.